नक्कल म्हणून बाजूला ठेवण्याआधी : पोलंडचा ‘कोलाज’ कसा ऐकावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फिश गायचा त्या काळातले मारिलियन या ब्रिटिश रॉक बँडचे चारही अल्बम तुम्हाला पाठ आहेत. कुणीतरी पोलंडच्या ‘कोलाज’ बँडचा ‘मूनशाइन’ सुचवला. तुम्ही पहिली दोन गाणी ऐकलीत आणि “हे तर मारिलियनच, फक्त इंग्रजी जरा कच्चं” म्हणून बंद केलंत. आता विचारताय, पुढे ऐकण्यात अर्थ आहे का, आणि तुमच्या चौघा-पाचांच्या बँडला तसा भरलेला आवाज काढायचा झाला तर काय करावं लागेल.

आधी पहिल्याचं उत्तर : अर्थ आहे, पण ऐकायची जागा बदलावी लागेल. मारिलियन ऐकून ऐकून कान आपोआप गायकाकडे वळतो. तिथे ते बरोबरच आहे. फिशचे शब्द, त्याचं कुजबुजणं, ओरडणं, मध्येच वाक्य तोडणं, यावर गाणं वळतं आणि बाकीचे चौघे त्याच्यामागे जातात. १९८३ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमपासून ब्रिटिश निओ-प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या लांबलचक, अनेक भागांच्या रॉकच्या ऐंशीतल्या नव्या अवताराची, ती चालच ठरून गेली. ‘आयक्यू’चा पीटर निकोल्स घ्या, ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा जेफ मान घ्या : तोंडाला रंग लावून रंगमंचावर उभा राहणारा, गोष्ट सांगणारा गायक, आणि त्याच्या गोष्टीला साथ करणारा बँड. कोलाजमध्ये गाणं गायकाच्या हातात नसतं. ते ड्रम आणि कीबोर्डच्या हातात असतं, गिटार त्याला वाचा फोडते, आणि गायकाचा आवाज या सगळ्यात एक वाद्य म्हणून येऊन जातो. एवढी एक गोष्ट धरून ‘मूनशाइन’ पुन्हा लावा, मग पुढचं वाचा.

बँड वॉर्सातला. १९८०च्या दशकाच्या मध्यात गिटारवाला मिरेक गिल आणि ड्रमर वॉयतेक शादकोव्स्की या दोघांनी उभा केला. काळ लक्षात घ्या. डिसेंबर १९८१मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला, तो जुलै १९८३मध्ये उठला. पाश्चात्त्य रेकॉर्ड डॉलर असतील तर मिळायच्या, नाहीतर ओळखीपाळखीतून. साध्या पोराला जगाचं संगीत मिळण्याचा मोठा रस्ता म्हणजे रेडिओ, आणि त्यातही पोलिश रेडिओचं तिसरं केंद्र, ज्याला तिकडे ‘त्रुइका’ म्हणतात. मारेक नेजविएत्स्की यांची आवडत्या गाण्यांची यादी तिथे १९८२च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि देशभर ऐकली जाऊ लागली. अख्खे अल्बम मध्ये न बोलता वाजवायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला घरी टेप करता यावेत, ही तिथली रीत. अशा वेळी पोलंडमध्ये मारिलियन, जेनेसिस, कॅमल या ब्रिटिश बँडांचा जो वेडा चाहतावर्ग तयार झाला तो आजही टिकून आहे. ब्रिटनमध्ये ज्यांना छोटे हॉल मिळताना मारामार, त्या पेंड्रॅगन, अरीना अशा बँडांचे डीव्हीडी कातोवित्से शहरातल्या थिएटरात चित्रित झालेत, ते उगाच नाही.

पोलंडला मोठ्या लांबीच्या रॉकची स्वतःची परंपराही होतीच. चेस्वाफ निएमेनने १९७० साली ‘एनिग्मॅटिक’वर कवी नॉर्विदची कविता सोळा-सतरा मिनिटं गायली, कोरस आणि हॅमंड ऑर्गनसकट. पुढे ‘एसबीबी’ आले, ‘बुद्का सुफ्लेरा’ आले. म्हणजे कोलाजच्या पोरांना लांब गाणी लिहायला परदेशातून परवानगी आणायची गरज नव्हती. मारिलियनकडून त्यांनी काय उचललं, तर गिटारचा सूर. ते उघडच आहे आणि ते लपवतही नाहीत.

पहिला अल्बम ‘बाश्निए’, म्हणजे परीकथा, १९९०चा. तो पोलिश भाषेत आहे आणि गायक तोमाश रुझित्स्की. तुम्हाला नक्कल शोधायचीच असेल तर इथे शोधा, भरपूर सापडेल. रेकॉर्डिंग पातळ आहे, ड्रमचा आवाज खोक्यासारखा येतो, कीबोर्डच्या काही जागा तर मारिलियनच्या मार्क केलीच्या हाताखालून सरळ उचलल्यासारख्या वाटतात. तरी मला हा अल्बम आवडतो, कारण पोलिशमध्ये गाताना व्यंजनांची जी घासाघीस होते ती या संगीतावर फार छान बसते. रुझित्स्कीच्या गाण्यात एक भोळेपणा आहे, जो पुढे इंग्रजीत गेल्यावर हरवला. या मताला बँडच्या चाहत्यांतले निम्मे लोक हरकत घेतील. घेऊ द्या.

१९९३मध्ये त्यांनी एक चमत्कारिक काम केलं. जॉन लेननची नऊ गाणी घेऊन अख्खा अल्बम काढला. प्रोग्रेसिव्ह बँडने लेनन करायचा म्हणजे काय, हा प्रश्न पडणारच. लेननची सुटी गाणी तीन-चार कॉर्डवर उभी असतात, तिथे करामतीला जागाच नाही. माझ्या मते त्यांना या अल्बमचा फायदा झाला तो याच कारणाने. साध्या चालीला हात न लावता तिच्याभोवती थर कसे रचायचे, याचा तो सराव होता. पुढच्याच वर्षीच्या ‘मूनशाइन’मध्ये चाली सोप्या झालेल्या दिसतात, थर मात्र वाढलेले. आणि त्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचं नाव ‘वॉर इज ओव्हर’ आहे, म्हणजे लेननच्या घोषणेचेच शब्द.

आता ‘मूनशाइन’. साल १९९४, युरोपात एसआय म्युझिक या डच कंपनीने काढला. तेव्हा असलं संगीत काढणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि ही त्यांतली महत्त्वाची. मुखपृष्ठावर झ्जिस्वाफ बेक्शिन्स्कीचं चित्र. हा सानोक गावचा चित्रकार, हाडांच्या सांगाड्यांची, जळक्या आकाशांची स्वप्नं रंगवणारा, चित्रांना नावं न देणारा. त्याचा मुलगा तोमाश त्रुइकावर रात्रीचे कार्यक्रम करायचा आणि अंधाऱ्या, उदास संगीताचा तिथला मोठा प्रचारक होता. कोलाजच्या संगीताची आणि त्या रात्रीच्या रेडिओची हवा एकच आहे, हे ऐकताना जाणवतं.

गायक आता रॉबर्ट अमिरियन, कीबोर्डवर क्षिश्तोफ पालचेव्स्की, बेसवर प्योतर वितकोव्स्की, आणि मूळचे दोघे. पालचेव्स्की आल्याने बँडचा पोतच बदलला. आठ गाणी आहेत, त्यांतली ‘इन युअर आइज’, ‘विंग्ज इन द नाइट’ आणि ‘मूनशाइन’ ही तीन दहा मिनिटांच्या वर जातात.

तुम्ही ‘हीरोज क्राय’ आणि ‘इन युअर आइज’ ऐकून थांबलात. ‘हीरोज क्राय’ला मी तुम्हाला दोष देणार नाही. ते दरवाजा धाडकन उघडणारं गाणं आहे, सगळे एकदम सुटतात, आणि पहिल्या खेपेला नुसती गर्दी वाटते. ‘इन युअर आइज’ मात्र परत ऐका, हेडफोन लावून, आणि या वेळी अमिरियनकडे पूर्ण दुर्लक्ष करून. ड्रमवर लक्ष ठेवा. ब्रिटिश निओ-प्रोगमध्ये ड्रमर बहुधा ठेका धरून बसतो आणि चार किंवा आठ बारनंतर (बार म्हणजे रॉकमधलं छोटं आवर्तन) एक भरणा, म्हणजे ठेका मोडणारा छोटा तुकडा, टाकतो. शादकोव्स्की भरणा आणि ठेका यांत फरक ठेवत नाही. टॉम, म्हणजे लहानमोठे ढोल, सतत फिरत असतात, स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर बारीक रोल चालू असतो, क्रॅश ही मोठी झांज अशा ठिकाणी पडते जिथे कॉर्ड बदलतो, मग ती बारची पहिली मात्रा असो वा नसो. त्यामुळे कॉर्ड बदलला की खालची जमीन सरकल्यासारखं होतं. कीबोर्डचे लांबलेले सूर एकाच जागी असतात, तरी सगळं पुढे चाललेलं वाटतं, ते या ड्रममुळे.

मग कीबोर्ड. पालचेव्स्की एका वेळी किमान तीन गोष्टी चालू ठेवतो : खाली तंतुवाद्यांसारखा पसरलेला पॅड, त्याच्या वर सुटे सूर सोडत जाणारी आर्पेजिओ, आणि मध्येच वर येणारा सिंथचा लीड. हा लीड म्हणजे जेनेसिसचा कीबोर्डवाला टोनी बँक्स याचं घराणं. ‘द सिनेमा शो’च्या उत्तरार्धातला बँक्सचा सात मात्रांतला सोलो तुम्ही ऐकला असेलच. फरक असा की बँक्स मात्रांशी खेळतो, पालचेव्स्की खेळत नाही. कोलाजला विषम मात्रांचा सोस नाही. तुमच्या बँडमध्ये तबला शिकलेलं कोणी असेल तर तो रूपकाच्या सवयीने सात शोधत बसेल आणि निराश होईल. शिवाय रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे टाळी न देण्याच्या, मात्रेवर येते आणि रॉकच्या सातात पहिली मात्रा किक ड्रमने ठोकूनच सांगतात, त्यामुळे तशीही त्याची गफलत होते. इथे गंमत मोजण्यात नाहीच. एकच कॉर्डमाला तुम्ही किती वेळ धरून ठेवू शकता, आणि प्रत्येक फेरीला काय वाढवता, यात ती आहे.

आणि गिलची गिटार. मारिलियनचा गिटारवाला स्टीव्ह रॉथरी याचा विद्यार्थी म्हणा, चालेल. पण रॉथरीचे सोलो शब्दांच्या मागून येतात, गायकाने जे सांगितलं त्यावर शेवटचा शब्द टाकतात. गिलचा सोलो बहुतेक वेळा गाण्याची मुख्य चालच असतो, गायकाने जी अर्धी सांगितली ती पूर्ण करणारा. म्हणून चाहत्यांना ‘मूनशाइन’मधले शब्द आठवत नाहीत, गिटारच्या ओळी मात्र गुणगुणता येतात. इंग्रजी कच्चं असल्याची तुमची तक्रार मला मान्य आहे. शब्द सामान्य आहेत, उच्चारही मधूनच अडखळतात. ज्याला गाण्यात कविता हवी त्याने इथे येऊ नये.

‘लिव्हिंग इन द मूनलाइट’ हे त्यांचं सगळ्यात ओळखीचं गाणं, सोपं आणि गोड. घरच्यांना ऐकवायचं तर ते. माझं स्वतःचं आवडतं ‘विंग्ज इन द नाइट’. ‘द ब्लूज’ मी बऱ्याचदा पुढे ढकलतो.

१९९५मध्ये ‘सेफ’ आला आणि मग बँड विस्कटला. ‘सेफ’ विखुरलेला आहे, लहान गाण्यांकडे झुकलेला, काही जागा सुंदर. ‘मूनशाइन’ला तुम्ही पाच-सहा वेळा बसलात तरच त्याच्या वाटेला जा. खरी गंमत विस्कटण्यानंतरची आहे, कारण बँडचे दोन तुकडे वेगवेगळे ऐकता आले की मूळ मिश्रणात कोणी काय घातलं होतं ते कळतं. शादकोव्स्कीने ‘सॅटेलाइट’ काढला. त्याचा २००३चा ‘अ स्ट्रीट बिटवीन सनराइज अँड सनसेट’ हा जवळजवळ कोलाजचा राहून गेलेला अल्बम आहे, गायकही अमिरियनच. गिलने ‘बिलीव्ह’ काढला. त्याचा पहिला अल्बम २००६चा, गायक म्हणून ‘बाश्निए’वाला रुझित्स्की परत आला, आणि सातोमी ही जपानी व्हायोलिनवादक त्यात आहे. सॅटेलाइट चकचकीत, रुंद, थरांवर थर. बिलीव्ह सावकाश, काळसर, बरीच जागा मोकळी सोडणारा. दोन्ही एकापाठोपाठ ऐकलेत तर माझं म्हणणं पटेल : कोलाजचा भव्यपणा ड्रमरचा होता, दुःख गिटारवाल्याचं.

२०२२च्या डिसेंबरमध्ये तब्बल सत्तावीस वर्षांनी कोलाजचा नवा अल्बम आला, ‘ओव्हर अँड आउट’. गिल त्यात नाही. गिटारवर मिखाव किर्मुच, आणि गायक बार्तोश कोसोविच, जो आधी ‘क्विदाम’मध्ये गायचा. एका गाण्यात, ‘मॅन इन द मिडल’मध्ये, पाहुणा गिटारिस्ट म्हणून खुद्द स्टीव्ह रॉथरी वाजवतो. ज्याची नक्कल केल्याचा शिक्का आयुष्यभर बसला, तोच येऊन वाजवून गेला. आता नकलेचा वाद घालायचा तर रॉथरीलाच घालू द्या. अल्बम चांगला आहे, आवाज तर आधीच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ. वीस मिनिटांच्या वर जाणारं शीर्षकगीत पहिलंच आहे. फक्त गिलचा तो रडवेला सूर नाही, आणि ती उणीव मला तरी शेवटपर्यंत जाणवत राहते.

क्विदामचं नाव निघालंच आहे तर त्याबद्दल थोडं. हा इनोव्रोत्सवाफ गावचा बँड. १९९६चा पहिला अल्बम पोलिशमध्ये, गायिका एमिला देर्कोव्स्का, सोबत बासरी. कॅमल आवडत असेल तर तुम्हाला कोलाजपेक्षा हाच जवळचा वाटेल, आणि तो योगायोग नाही : कॅमलच्या कॉलिन बासने स्वतःचा १९९८चा अल्बम ‘अ‍ॅन आउटकास्ट ऑफ द आयलंड्स’ याच मंडळींना घेऊन पोलंडमध्ये केला. त्यांचा गिटारिस्ट माचिएई मेलर आज ‘रिव्हरसाइड’ या पोलिश बँडमध्ये आहे. बिदगोश्चचा ‘अब्राक्सास’ हा तिसरा. तोही पोलिशमध्येच गातो, आणि अदाम वास्साचं गाणं इतकं नाटकी आहे की फिशच्या चाहत्याला तोच जास्त भावेल. म्हणजे तुम्हाला गायक पुढे असलेला पोलिश बँड हवाच असेल तर अब्राक्सासचा १९९८चा ‘सेंतुरिए’ घ्या.

शोधताना एक अडचण येईल. ‘कोलाज’ नावाचा सत्तरच्या दशकातला एक इटालियन पॉप बँड आहे, एस्टोनियाचा एक गाणारा चमूही आहे, आणि ऐकण्याच्या अ‍ॅपवर हे सगळे एकाच पानावर गोळा झालेले दिसतात. नुसतं नाव टाकू नका, ‘मूनशाइन’ आणि १९९४ टाका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो भरलेला आवाज. मी कीबोर्ड वाजवतो आणि बरीच वर्षं इतरांच्या बँडांचा लाइव्ह साउंडही सांभाळला आहे, त्यामुळे चूक कुठे होते हे समोरून पाहिलंय. भरलेला आवाज हवा म्हणून कीबोर्डवाला डाव्या हाताने जाड पॅड दाबून धरतो, गिटारवाला डिस्टॉर्शन लावून सहाही तारा वाजवतो, बेस त्यात बुडतो आणि कॉलेजच्या हॉलमध्ये फक्त घोंगाट पोचतो. मग प्रत्येक जण स्वतःचा आवाज वाढवतो.

डावा हात उचला. पॅडला खालचं सप्तक देऊच नका, ते बेसचं आहे. पॅड साधारण मधल्या ‘सी’च्या आसपास, तीन सुरांत आणि पसरून वाजवा, म्हणजे मधला सूर एक सप्तक वर टाका. मिक्सरवर पॅडचा दीड-दोनशे हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका. एकटा ऐकलात तर बारका वाटेल. बँडमध्ये तोच रुंद वाटतो, कारण बेस आणि किक आता सुटे ऐकू येतात. कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचलू नका. दोन कॉर्डमध्ये जो सूर सामाईक आहे तो धरून ठेवा आणि फक्त उरलेले सरकवा. कोलाजसारखा न तुटणारा पडदा यातूनच तयार होतो, महागड्या सिंथमधून नाही.

गिटारवाल्याला सांगा, कॉर्ड वाजवणं निम्म्याने कमी कर. शांत भागात नेक पिकअप, स्वच्छ आवाज, थोडा कोरस इफेक्ट, आणि वरच्या तीन तारांवर सुटे सूर. लीडच्या वेळी आधी कॉम्प्रेसर, मग मध्यम डिस्टॉर्शन, मग चारशे ते पाचशे मिलिसेकंदांचा डिले. त्याचे पडसाद मूळ सुरापेक्षा बरेच बारीक ठेवा, दोन-तीनदाच ऐकू येतील इतके. रिव्हर्ब शेवटी आणि कमी. हॉलचं स्वतःचं असतंच. व्हॉल्यूम पेडल असेल तर सूर छेडून मग आवाज वर आणायचा सराव करा, म्हणजे तारेवरचा टणत्कार जातो आणि सूर गजाने काढल्यासारखा उगवतो. पेडल नसेल तर करंगळीने गिटारवरचं बटण फिरवूनही जमतं. हाताला सवय व्हायला वेळ लागतो, एवढंच.

ड्रमरचं काम सगळ्यात अवघड, आणि शादकोव्स्कीसारखं वाजवायला मी कोणालाच सुचवणार नाही, निदान सुरुवातीला. इतके टॉम फिरवून लय टिकवायला मनगटं तयार लागतात. त्याऐवजी एक करा. आठ बारची कॉर्डमाला घ्या, चार फेऱ्या वाजवा, आणि प्रत्येक फेरीला फक्त एकाने एक गोष्ट वाढवायची असं ठरवा. पहिल्या फेरीत पॅड आणि हाय-हॅट. दुसऱ्यात बेस. तिसऱ्यात टॉम. चौथ्यात गिटारची चाल. गायक गप्प. हे फोनवर रेकॉर्ड करून ऐका. तिसऱ्या फेरीलाच गच्च भरल्यासारखं वाटत असेल तर कोणीतरी आधीपासूनच जास्त वाजवतोय, आणि तो बहुतेक वेळा कीबोर्डवाला असतो.